एमिलियानो सालाचा विमान अपघात आणि नेरुळचा रविवारचा कट्टा : एक प्रकरण अभ्यास

कोण काय बोललं आणि किती वाजता बोललं, हे लिहून ठेवायची सवय मला मुंबई विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये लागली. निवृत्त होऊन नेरुळला राहायला आलो, हेडसेट सुटला, पण वही सुटली नाही. या प्रकरणाचा आधार त्या वहीतली चार पानं आहेत. पहिल्या पानावर तारीख आहे २७ जानेवारी २०१९, वार रविवार.

त्या सकाळी 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याला दोन फेऱ्या मारून आम्ही पाच जण नेहमीच्या टपरीवर कटिंग घेऊन उभे होतो. खाडीपलीकडे उलव्याची टेकडी नव्या विमानतळासाठी कापली जात होती आणि आमच्या कट्ट्यावर विषय होता इंग्लिश खाडीत बेपत्ता झालेल्या एका छोट्या विमानाचा. पाचांतले एक निवृत्त कॅप्टन, आयुष्य बोइंगवर गेलेले. दुसरा फ्लोरिडात शिकून आलेला, काही वर्षं चार्टर कंपनीत को-पायलट राहिलेला आणि आता इन्स्ट्रक्टर झालेला तरुण. तिसरी माझ्याकडे हवामानशास्त्र आणि एअर रेग्युलेशनच्या शिकवणीला येणारी मुलगी. बारामतीच्या धावपट्टीवर तिचे सेस्ना या छोट्या प्रशिक्षण विमानाचे तास चालू होते, शनिवार-रविवार घरी. चौथे विमान देखभाल इंजिनिअर, त्यांना सगळे काका म्हणतात. पाचवा मी. मी वैमानिक नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढे माझ्याही अंदाजाची फजिती आहे.

तोवर जगाला माहीत असलेलं एवढंच होतं. एमिलियानो साला, २८ वर्षांचा अर्जेंटिनी फुटबॉलपटू, फ्रान्समधल्या नांत क्लबातून वेल्समधल्या कार्डिफकडे दीड कोटी पौंडांना गेलेला. २१ जानेवारीच्या संध्याकाळी तो नांतहून एका पायपर मालिबूत बसला. एक इंजिन, १९८४ साली बनलेलं, अमेरिकी नोंदणी. पायलट डेव्हिड इबॉटसन, वय ५९. गर्न्सी बेटाच्या जवळपास विमान ५,००० फुटांवर होतं, पायलटने खाली यायची परवानगी मागितली आणि जर्सीच्या कंट्रोलरला ते शेवटचं २,३०० फुटांवर दिसलं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून पावणेदोन झाले होते. सरकारी शोध २४ तारखेला थांबवला गेला. शिवाय सालाने मित्रांना पाठवलेला एक व्हॉट्सअॅप ऑडिओ सगळीकडे फिरत होता : विमान असं वाटतंय की आता तुकडे होऊन पडेल.

मलबा नाही, मृतदेह नाही, ब्लॅक बॉक्स नाही (असल्या विमानात तो असावा अशी सक्तीच नसते). आणि तरी चहा संपायच्या आत कट्ट्यावर पाच कारणं तयार होती.

कॅप्टन पहिले बोलले. वहीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं आहे : "डिसओरिएंटेशन. रिपोर्ट वाचायचीही गरज नाही." मुलीला त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते समजावतात छान. रात्र, खाली समुद्र, वर ढग, क्षितिज नाही. आतल्या कानातलं पाणी हळू वळण ओळखत नाही. विमान एका बाजूला कलत जातं, पायलटला वाटतं आपण सरळच आहोत. उंची कमी होताना दिसते म्हणून तो विमान वर नेणारा दांडा, स्टिक, मागे ओढतो, त्याने वळण आणखी आवळतं. "केनेडीचा मुलगा असाच गेला. १९९९. पायपरच होतं तेही." मग पायलटवर : एकटा माणूस, हौशी लायसन्स, फेसबुकवर स्वतःच लिहितो की आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीवर उतरायची वाट दाखवणाऱ्या उपकरणांवर, हात बसलेला नाही. "असा माणूस रात्री समुद्रावर निघतोच कसा?"

इन्स्ट्रक्टर म्हणाला बर्फ. "सर, जानेवारी, ढगांचा पट्टा, पाच हजार फूट. खाली यायचंय म्हणतोय, म्हणजे पंखावर बर्फ धरलाय आणि त्याला गरम हवेत उतरायचंय." तो हे ज्या आवाजात म्हणाला त्यावरून मी विचारलं, तुला कधी भेटला का बर्फ? तर भेटला होता. चार्टरवर असताना कुलूच्या बाजूला. प्रॉपेलरवरचे बर्फाचे तुकडे सुटून विमानाच्या अंगावर आपटतात, तो आवाज अजून झोपेत येतो म्हणाला.

मुलीने भीतभीत हात वर केला, आम्ही वर्गात नसतानाही. "सर, कार्ब आयसिंग?" दमट हवा, कमी पॉवर, उतरताना कार्ब्युरेटरच्या नरड्यात बर्फ धरून इंजिन बंद. सेस्नावर पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. इन्स्ट्रक्टरने तिला हसून सांगितलं की मालिबूचं इंजिन इंजेक्शनवाल्या जातीचं आहे, त्याला कार्ब्युरेटरच नाही. ती गप्प झाली. नंतर त्या दिवशी ती काही बोलली नाही, हेही मी लिहून ठेवलंय.

काकांचं म्हणणं इंजिन. "टर्बोवाल्या इंजिनाचा एक्झॉस्ट म्हणजे लालबुंद तापलेली नळी. तडा गेला की समोर जे येईल ते जाळत सुटते. आग लागली असेल, नाहीतर पॉवर गेली असेल." पुराव्याला त्यांच्याकडे तो ऑडिओ होता. मी त्यांना म्हणालो, प्रवाशाच्या भीतीला तांत्रिक पुरावा धरू नका, अर्धं जग विमानात बसल्यावर असंच बोलतं. ते वाक्य आज मला जरा टोचतं.

आणि मी? मी म्हणालो, कंट्रोलरने परवानगी देताना त्याला ढगांबद्दल विचारलं का, खालची सुरक्षित उंची सांगितली का, ते बघायला हवं. पुढे कळलं की कंट्रोलरच्या बाजूने त्यात शोधण्यासारखं फारसं काही नव्हतं.

आज ते पान वाचलं की पाच अंदाजांपेक्षा पाच माणसंच जास्त दिसतात. आपापल्या घरचा डबा उघडून बसावं तसं प्रत्येकाने आपल्याकडे होतं ते काढलं. ज्याने बर्फाचा आवाज ऐकला त्याने बर्फ सांगितला, जिने कालच कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणाऱ्या गरम हवेची नॉब) ओढली तिने कार्ब सांगितला, ज्याने आयुष्यभर तडे शोधले त्याने तडा सांगितला. यात मला वावगं काही दिसत नाही, आपल्या ओळखीच्या वाटेनेच माणूस चालतो. कॅप्टनचं मात्र वेगळं होतं. त्यांच्या अंदाजात भीती नव्हती, अंतर होतं. 'हौशी माणूस, असा निघतोच कसा' म्हणताना ते स्वतःला त्या कॉकपिटमधून बाहेर काढून ठेवत होते. मी असतो तर झालं नसतं, हे न बोलता बोललं जात होतं. पायलट मंडळी अपघातावर इतक्या हिरिरीने का बोलतात, याचं मला सापडलेलं उत्तर हे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच सीटवर बसायचं असतं. अज्ञात कारण सोबत घेऊन बसता येत नाही.

त्यानंतरच्या घडामोडी झटपट सांगतो. कुटुंबासाठी लोकांनी पैसे जमवले, खाजगी शोधमोहीम निघाली आणि ३ फेब्रुवारीला तिच्या जहाजाला समुद्राच्या तळाशी, साधारण ६७ मीटर खोल, विमान सापडलं. आत एक मृतदेह होता. तो वर आणला गेला आणि ७ फेब्रुवारीला ओळख पटली, साला. इबॉटसन आजतागायत सापडलेला नाही. विमान तळाशीच राहिलं.

२५ फेब्रुवारीला ब्रिटनच्या अपघात तपास शाखेची पहिली पुस्तिका आली. तीत लायसन्सची भानगड होती : खाजगी लायसन्सवर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, फार तर खर्च वाटून घेता येतो. पुढे अंतिम अहवालात हेही आलं की त्याच्याकडे रात्रीच्या उड्डाणाचं प्रशिक्षण नव्हतं आणि एक इंजिनवाली विमानं उडवायचं त्याचं रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची मान्यता, नोव्हेंबर २०१८ मध्ये संपलं होतं.

मार्चच्या पहिल्या रविवारचं वहीतलं पान मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर जवळजवळ काहीच नाही. लायसन्सची बातमी आल्यावर कट्ट्याने कारण शोधणं थांबवलं. कॅप्टन म्हणाले "बघा", इन्स्ट्रक्टरने मान डोलावली, काकांनी विषय बदलून पाम बीच रोडच्या सिग्नलवर नेला. दोषी सापडला की कुतूहल घरी जातं. एअर रेग्युलेशनच्या तासाला मी दर वर्षी अॅनेक्स १३, म्हणजे अपघात तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम, शिकवतो आणि फळ्यावर लिहितो की तपासाचा एकमेव उद्देश अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं हा नाही. त्या रविवारी मीही चहा पिऊन गप्प घरी गेलो.

१४ ऑगस्ट २०१९ला दुसरी पुस्तिका आली. १८ तारखेच्या रविवारी धो धो पाऊस होता, टपरीच्या ताडपत्रीखाली आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो आणि मी फोनवर वाचून दाखवत होतो. सालाच्या रक्ताच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड मिसळलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण ५८ टक्के निघालं होतं. धडधाकट माणसात ५० टक्क्यांच्या वर ते जिवावर बेतणारं मानतात. त्या विमानात पायलट आणि प्रवासी यांच्यामध्ये भिंत नसते, त्यामुळे तोच वायू पायलटच्याही श्वासात गेला असणार.

कुणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "एक्झॉस्ट."

खरंय, नळी तीच होती. काकांनी जानेवारीत तिचंच नाव घेतलं होतं, पण ती आग लावेल म्हणून. ती आग न लावता, वास न येऊ देता, आत बसलेल्यांना झोपवेल हे त्यांच्याही मनात आलं नव्हतं. थंड प्रदेशात छोट्या विमानाची केबिन गरम करण्याची सोपी युक्ती म्हणजे एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचं आवरण घालायचं, त्याला मफ म्हणतात, आणि त्यातून फिरवलेली हवा आत सोडायची. नळी धड असेल तर आत फक्त ऊब येते. नळीला केसाएवढा तडा गेला तर उबेबरोबर धूर येतो, आणि त्या धुरातला जो घातक भाग आहे त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा तो दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग साध्या गोष्टी सुचेनाशा होतात. आणि आपल्याला सुचत नाहीये हे कळायलाही तोच मेंदू लागतो.

आता या प्रकरणाचा आमच्या गावाशी संबंध. बारामती असो की धुळे, आपल्याकडच्या सेस्नात केबिन हीटची नॉब असते, पण ती कुणी ओढत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना 'हीट' म्हटलं की कार्ब हीट आठवते. केबिन हीट त्यांना फक्त एका ठिकाणी पाठ असते, इंजिनाला आग लागल्यावर करायच्या यादीत : केबिन हीट बंद. जी मुळात चालू नसतेच. इन्स्ट्रक्टर फ्लोरिडात शिकलेला, तिथेही तिची गरज कमीच. कॅप्टनच्या बोइंगमध्ये ऊब वेगळ्याच वाटेने येते. म्हणजे पाचही जणांच्या अनुभवात ती नॉब नव्हती, म्हणून पाचही जणांच्या अंदाजात ती आली नाही.

पण त्याच पाचांपैकी तिघांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर होता. माझ्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दर हिवाळ्यात कागद लागतो की गीझर चालू असताना खिडकी उघडी ठेवा. बंद बाथरूममध्ये आंघोळीला गेलेलं माणूस बाहेरच आलं नाही, अशी बातमी ऐकली नसेल असं घर ठाण्यापासून पनवेलपर्यंत मिळणार नाही. कार्बन मोनॉक्साइड आम्हाला माहीत होता. तो घरी ठेवून आम्ही फिरायला आलो होतो.

अंतिम अहवाल १३ मार्च २०२० रोजी आला. १५ तारखेच्या रविवारी आम्ही शेवटचे भेटलो, पुढच्या रविवारी जनता कर्फ्यू होता. कॅप्टन आदल्या दिवशीच फोनवर होते. "वाचलास? पहिलं कारण काय दिलंय?"

पहिलं कारण त्यांचंच होतं. ढगांबाहेर राहण्यासाठी किंवा बाहेर येण्यासाठी बहुधा पायलटने हाताने वळण घेतलं आणि त्या वळणात विमानावरचा ताबा सुटला. दुसरं, त्यानंतर विमान त्याच्या मर्यादेपेक्षा खूपच जास्त वेगात असताना हवेतच मोडलं. तिसरं, पायलटवर बहुधा कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम झाला होता. मी म्हणालो, सर, तिसरंही वाचा. ते म्हणाले, "तिथे 'बहुधा' लिहिलंय."

मी म्हणालो, पहिल्यातही 'बहुधा' आहेच. फोनवर दोन-तीन सेकंद शांतता.

कॅप्टनशी भांडण नाही माझं. हातभार लावणाऱ्या कारणांतही त्यांच्या म्हणण्याला मोठी जागा मिळाली : व्यावसायिक उड्डाणाचे निकष धाब्यावर बसवलेले, रात्र, खराब हवा, प्रशिक्षण नाही, उपकरणांवर उडवायचा सराव नाही. उड्डाण जुळवून देणाऱ्या माणसाला पुढे २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये १८ महिन्यांची शिक्षाही झाली. पण त्याच यादीत आणखी दोन गोष्टी आहेत. एक्झॉस्टची नेहमीची तपासणी या विषबाधेचा धोका पूर्ण घालवू शकत नाही, आणि विमानात आवाज करून सावध करणारा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर नव्हता. लायसन्स चोख असलेला, रात्रीचे हजार तास केलेला पायलटही त्या हवेत तसाच गुंगला असता. कॅप्टनसुद्धा.

माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट ही आहे. समजा ३ फेब्रुवारीला ते जहाज रिकाम्या हाती परतलं असतं. मृतदेह नाही म्हणजे रक्त नाही, रक्त नाही म्हणजे ५८ टक्के नाही. हाती काय उरलं असतं? रडारची रेघ, रेडिओवरचं बोलणं, हवामानाचा नकाशा आणि लायसन्सची फाइल. या चारांतून निघणारा अहवाल जवळजवळ शब्दशः कॅप्टनचा जानेवारीतला अंदाज असता. त्यात चूक एकही सापडली नसती. सगळं जुळलं असतं, आम्ही वर्गात शिकवला असता, आणि डिटेक्टरचा विषय निघाला नसता. रडारला विमान कुठे वळलं ते दिसतं, वळवणाऱ्याचं डोकं दुखत होतं का ते दिसत नाही. मुलीचा कार्ब आयसिंगचा अंदाज साफ चुकला, म्हणून दोन मिनिटांत निकालात निघाला, नुकसान शून्य. अर्ध्या बरोबर अंदाजाला कोण हटकणार?

आणि अशा फाइली किती असतील? अमेरिकेच्या तपास मंडळाने २०२२ मध्ये जुनी प्रकरणं चाळली तेव्हा १९८२ ते २०२० या काळात कार्बन मोनॉक्साइडमुळे झालेले ३१ अपघात सापडले. त्यांतल्या २३ मध्ये जीव गेले, ४२ माणसं. ३१ पैकी एकाच विमानात डिटेक्टर होता आणि तोही पायलटला सावध करणारा नव्हता. हे सापडलेले. जिथे रक्त तपासताच आलं नाही ते कशाखाली नोंदले गेले असतील, याचा मी अंदाज करत नाही. अंदाजपंचे दाहोदरसे करायचं नाही, एवढं तरी या वहीने शिकवलंय.

वर्गात आता मी हे प्रकरण असं घेतो. २७ जानेवारीला जेवढं माहीत होतं तेवढंच मुलांना देतो आणि कारण लिहायला सांगतो. मग दुसरा कागद देतो : तुमचं कारण शंभर टक्के खरं धरा आणि त्याच्या मागे आणखी काय असू शकेल ते लिहा. पहिला कागद मुलं तीन मिनिटांत भरतात. दुसऱ्याला वीस मिनिटं लागतात आणि निम्मे कोरे येतात. एका बॅचमध्ये एका मुलाने लिहिलं होतं, 'पायलट आजारी?' आणि मग खोडलं होतं. का खोडलंस विचारलं तर म्हणाला, सर, त्याला पुरावा नव्हता. त्याच्या पहिल्या कागदावरच्या बर्फाला कुठला पुरावा होता, हे मी त्याला विचारलं. तो हसला.

जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या अपघातानंतर माझा फोन दोन दिवस थंड झाला नाही. ते प्रकरण वेगळं, मोठ्या विमानाचं, त्यावर इथे लिहीत नाही. पण कट्ट्यावरचे तेच आवाज तेवढ्याच खात्रीने बोलू लागले तेव्हा ही वही पुन्हा काढली आणि हे लिहायचं ठरवलं. तोवर कॅप्टन मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. काका अजून फिरायला येतात, एकच फेरी मारतात.

ती मुलगी आता स्वतः इन्स्ट्रक्टर आहे, हरियाणातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये. तिकडे जानेवारीत पहाटेच्या उड्डाणाला बोटं आखडतात. गेल्या हिवाळ्यात तिचा मेसेज आला : "सर, आज पहिल्यांदा केबिन हीट ओढली. नॉब इतकी घट्ट होती की दोन हात लागले. उतरल्यावर इंजिनिअरला विचारलं, मफ काढून आतली नळी शेवटची कधी बघितली होती? लॉगबुक घेऊन बसलाय. अजून शोधतोय."